प्लग बदलण्याआधी प्लग वाचा

मलकपेठच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं नाही असा पावसाळा मला आठवत नाही. चादरघाटकडून दिलसुखनगरकडे निघालेली रांग तिथे पाण्यात उतरते, दुचाकीवाले चपला हातात घेऊन गाड्या ढकलतात आणि रांगेत एखादी जुनी मारुती 800 असलीच, तर ती बरोबर मध्यावर, सगळ्यात खोल पाण्यात बंद पडते. गेल्या पावसाळ्यात ती गाडी माझी होती. दोन पोरांनी ढकलून पलीकडे काढून दिली. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने बॉनेट उचललं, आत नुसतं डोकावलं आणि निकाल दिला, "प्लगां गए साब, चारों बदलना पडता."

"गाडी में तीनइच हैं, मियाँ," मी म्हटलं.

800 चं इंजिन तीन सिलिंडरचं असतं. चौथा प्लग तो कुठे बसवणार होता, हे विचारायचं राहूनच गेलं. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आतून फडक्याने पुसलं, प्लगच्या वायरी एकेक काढून त्यांच्या टोप्या कोरड्या केल्या आणि दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. प्लगांना हातही लागला नव्हता.

जुन्या पेट्रोल गाडीत काहीही बिघडलं की पहिला आळ प्लगवर येतो. तो स्वस्त असतो, पटकन निघतो आणि नवा बसवला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण काढलेला प्लग जमिनीवर भिरकावून नवा बसवणारा मिस्त्री फुकटात मिळणारी तपासणी फेकून देत असतो. इंजिनच्या आत, जिथे आपली नजर पोचत नाही, तिथे काय चाललंय याची खूण प्लगच्या टोकावर उमटलेली असते. ती वाचायला शिकलं की निम्म्या तक्रारींचं मूळ घरच्या घरी कळतं.

हे सगळं आपल्या शहरात आत्ता सांगण्याचं एक कारण आहे. एप्रिल 2010 मध्ये तेरा शहरांत भारत-4 निकष लागू झाले आणि तिथे 800 ची विक्री थांबली. त्या यादीत मुंबई, पुणे, सोलापूर होतं तसं हैदराबादही होतं. म्हणजे हैदराबादेत नवी म्हणून विकली गेलेली सगळ्यात धाकटी 800 सुद्धा आता पंधरा वर्षं ओलांडून गेली. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आलं, आणि 'एपी 11'वाल्यांना त्यासाठी मलकपेठच्याच आरटीओची पायरी चढावी लागते. तिथे जाण्याआधी इंजिन सुरळीत चालणं बरं. ठिणगी चुकवणारा सिलिंडर न जळलेलं पेट्रोल तसंच धुरांड्यातून बाहेर टाकतो, आणि प्रदूषणाच्या चाचणीत हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो.

प्लगचं काम ऐकायला साधं आहे. कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, डिस्ट्रिब्युटर ते पाळीपाळीने एकेका सिलिंडरकडे पाठवतो आणि प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीवरून ठिणगी उडी मारते. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला 25 वेळा पेटतो. दर ठिणगीसरशी टोकाचा धातू कणभर झिजतो, फट रुंदावत जाते आणि तेवढीच उडी मारायला जास्त व्होल्ट लागू लागतात. चढावर किंवा भरल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधलं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि ठिणगीला आणखी जोर लागतो. म्हणून झिजलेला प्लग सपाट रस्त्यावर कुरकुर करत नाही आणि पूल चढताना मात्र गाडी 'मिसिंग' करते. सकाळी तीन-चार सेल्फ मारावे लागणं, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरणं, अ‍ॅव्हरेज उतरणं, या त्याच्याच पुढच्या तक्रारी.

साध्या निकेलच्या टोकाचे प्लग पंधरा ते वीस हजार किलोमीटर चालतात. पण माझ्यासारख्याची गाडी वर्षाला तीन हजारसुद्धा होत नाही: मलकपेठ ते कोठी, कोठीहून भाजी घेऊन परत. अशा तुटक फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि प्लग झिजण्याआधी काजळतात. तेव्हा किलोमीटर मोजत बसू नका, वर्षातून एकदा काढून बघा.

सामान फार लागत नाही. आत रबर असलेला प्लगचा पाना घ्या. जुन्या बहुतेक गाड्यांना 21 चा बसतो, काहींना 16 चा. रबरामुळे प्लग पडत नाही आणि चिनी मातीला तडा जात नाही. फिलर गेज, कोरडं फडकं, चिकटपट्टी आणि बोटभर लांब रबरी नळीचा तुकडा एवढं पुतलीबावलीला किंवा राणीगंजच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत एका फेरीत मिळतं. शिवाय घरातला सायकलचा पंप. तो का, ते पुढे येतंच.

खूण नीट वाचायची असेल तर आदल्या दिवशी गाडी विजयवाडा रस्त्याने हयातनगरपर्यंत फिरवून आणा. वीस मिनिटं एका वेगात चालली की प्लगवरची तात्पुरती काजळी जळून जाते आणि खरा रंग उरतो. मग इंजिन रात्रभर गार होऊ द्या. ही पायरी गाळू नका. 800 काय किंवा पद्मिनी काय, दोन्हींचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गरम हेडमधून प्लग ओढून काढला तर आतले आटे सोलून बाहेर येतात, आणि मग तीन प्लगांच्या कामाचं लेथवाल्याचं काम होतं. अँबॅसेडरच्या जुन्या इंजिनाचं बिडाचं हेड बरंच सोसतं, पण तिच्याशीही धसमुसळेपणा नको.

सकाळी बॅटरीची उणे वायर सोडवा. प्लगच्या वायरींना चिकटपट्टी लावून आकडे लिहा. 800 चा पेटण्याचा क्रम 1-3-2, पद्मिनीचा 1-3-4-2. दोन वायरींची अदलाबदल झाली की इंजिन ठसकतं, कार्बोरेटरमधून फटाका वाजतो आणि आपण भलतीकडेच बिघाड शोधत बसतो. वायर काढताना वायरीला नव्हे, टोपीला धरून थोडं पिळून ओढा. आता सायकलचा पंप: प्लगच्या बुडाशी साचलेली धूळ-वाळू फुंकून टाका, प्लग एक आटा सैल करा आणि पुन्हा फुंका. तिथला एक खडा आत पडला तर तो सिलिंडरची भिंत खरवडतो. प्लग हलत नसेल तर जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल सोडून अर्धा तास थांबा आणि मागे-पुढे करत सोडवा.

काढलेले प्लग वर्तमानपत्रावर 1, 2, 3 असे ओळीने मांडा. आता चष्मा लावा.

मधल्या टोकाभोवतीची चिनी माती इराणी चहाच्या रंगाची, फिकट तपकिरी किंवा किंचित राखाडी दिसली आणि टोकाच्या कडा अजून धारदार असल्या, तर इंजिन ठीक आहे. फट तपासून तोच प्लग परत बसवा. कडा गोलावल्या असतील तर रंग कितीही चांगला असो, त्याचे दिवस भरले.

तव्याच्या बुडासारखी कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. बहुतेकदा दोष एअर फिल्टरचा किंवा पूर्ण परत न जाणाऱ्या चोकचा असतो. फिल्टर उन्हात धरून बघा. पलीकडचा उजेड दिसला नाही तर आधी तो बदला. काजळी काळी पण ओली, तेलकट असेल तर मामला गंभीर. व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा पिस्टनच्या रिंगांमधून ऑइल वर येतंय. सकाळी सुरू करताना निळसर धूर दिसतो तो याचाच. यावर कुठल्याही कंपनीचा प्लग हा उपाय नाही. नवे प्लग बसवून महिनाभर बरं वाटेल, मग पुन्हा तेच. ओला आहे पण वास पेट्रोलचा येतोय, तर त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही. दोष प्लगमध्ये, वायरीत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात आहे. तो प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. दोष प्लगाबरोबर सरकला तर प्लग, जागेवरच राहिला तर वायर किंवा झाकण. या युक्तीने मी जितके पैसे वाचवले तितके दुसऱ्या कशाने वाचले नसतील.

चुन्यासारखा पांढरा, कधी फोड आल्यासारखा दिसणारा प्लग उलट गोष्ट सांगतो: आत नको तितकी उष्णता आहे. कुलंट कमी असेल, टायमिंग पुढे गेलं असेल, कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून किंवा चिरलेल्या व्हॅक्यूम नळीतून चोरून हवा शिरत असेल. हल्ली आणखी एक कारण त्यात मिसळलं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त प्राणवायूच असतो. कार्बोरेटरचे जेट शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले, म्हणून मिश्रण आपोआप पातळ होतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर ती आपलं आपण सावरून घेते. कार्बोरेटरला हे कळायला मार्ग नाही. पूर्वी तपकिरी दिसणारे प्लग आता फिकट दिसू लागले असतील तर हे आठवा, आणि मिश्रणाचा स्क्रू जाणत्या हाताने लावून घ्या. त्याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्याही चाचपून बघा. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही.

तीनांपैकी एकच प्लग धुऊन ठेवल्यासारखा लख्ख असेल आणि कुलंटची पातळी हळूहळू उतरत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्या. पाणी वाफ होऊन तो प्लग रोज धुऊन काढत असतं. अशा गाडीने नांदेडला जायचा बेत तूर्त रद्द करा.

एक खूण मात्र बिनकामाची. बाहेरच्या बाजूला, चिनी माती धातूत शिरते तिथे तपकिरी डाग दिसतो. पुष्कळ मिस्त्री त्यावर बोट ठेवून "लीक है" म्हणतात. उच्च दाबाच्या विजेमुळे आजूबाजूचे तेल-धुळीचे कण तिथे चिकटतात, बाकी काही नाही. त्याच चिनी मातीवर वरून खाली गेलेली बारीक काळी रेघ मात्र खोटी नव्हे. ठिणगी आत न पडता बाहेरून धातूवर उतरत होती असा तिचा अर्थ. तो प्लग फेका, आणि त्याची टोपीही बदला.

रंगांचे हे अर्थ जुन्या मिस्त्रींकडून ऐकताना एक पथ्य पाळावं. त्यांचा हात शिशाच्या पेट्रोलवर बसलेला आहे. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं बंद झालं आणि प्लगवरची शिशाची राखाडी पुटंही गेली. आजचे प्लग एकूणच फिकट दिसतात.

प्लग साफ करून वापरावेत का? पूर्वी गॅरेजात, काही पंपांवरही, हवेच्या दाबाने वाळू मारून प्लग साफ करणारं यंत्र असायचं. वाळूचा एखादा दाणा फटीत अडकून राहिला की तो पुढे सिलिंडरमध्ये जायचा. तारेच्या ब्रशने घासल्यावर चिनी मातीवर धातूच्या रेघा उमटतात आणि वीज त्यांवरून पळते. पेट्रोल टाकून प्लग जाळण्याचा रस्त्यावरचा प्रकार तर बघूसुद्धा नये. तापून तडकलेली चिनी माती वरून दिसत नाही. एका चांगल्या बिर्याणीच्या पैशात तीन नवे प्लग येतात. अडल्या वेळेला साफ करा, एरवी बदला.

नवे घेताना डब्यावरचं चित्र नाही, आकडा बघा. प्रत्येक प्लगला उष्णतेचा एक क्रमांक असतो. प्लगचं टोक साधारण 450 अंशांच्या वर राहिलं तरच काजळी आपोआप जळते, आणि 850 च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं. त्या दोहोंच्या मध्ये राहण्यासाठी इंजिनाप्रमाणे 'गरम' किंवा 'थंड' प्लग लागतो. गोंधळ असा की एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे थंड, आणि बॉशच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे गरम. दुकानदार "नंबर बडा है, अच्छा है" म्हणाला तर हसून सोडून द्या. गाडीच्या पुस्तिकेतला पूर्ण क्रमांक कागदावर लिहून न्या. त्यातल्या एकेका अक्षराला अर्थ आहे. एनजीकेच्या बीपीआर5ईएस मध्ये 'आर' म्हणजे रेडिओची खरखर अडवणारा रोधक आणि 'ई' म्हणजे 19 मिलिमीटर लांबीचे आटे. त्याच जागी 'एच' असेल तर लांबी 12.7 मिलिमीटर. आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब प्लग घुसवला तर पिस्टन त्याला खालून ठोकर देतो.

'मायको' मागणारे गिऱ्हाईक अजून भेटतात. बॉशची ही भारतीय कंपनी 1951 मध्ये बंगळुरूला सुरू झाली आणि 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण नाशिकचं मायको सर्कल मायको सर्कलच राहिलं. नकली मालही बाजारात असतो. अक्षरं पुसट, खालचं टोक मधल्या टोकाच्या बरोबर समोर नाही, वायसर बोटाने सहज फिरवून निघतो, अशी लक्षणं दिसली तर परत द्या, आणि बिल घ्या. इरिडियमचे प्लग महाग असतात आणि जास्त टिकतात हे खरं, पण वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते टिकून काय करणार? पिकअपमध्ये फरक पडल्याची शपथ घेणारे मित्र मला आहेत. बहुधा त्यांचे आधीचे प्लग फारच गेलेले होते.

नवा प्लग डब्यातून काढून थेट बसवू नका. वाहतुकीत फट बदलते. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला 0.8 ते 1.1, पण शेवटचा शब्द पुस्तिकेचा. गेजचं पातं किंचित अडखळत सरकलं पाहिजे. फट कमी-जास्त करताना फक्त बाहेरचं वाकडं टोक वाकवा. मधल्या टोकाला उचकटलं की चिनी माती गेलीच.

आता तो नळीचा तुकडा. प्लगच्या डोक्यावर नळी चढवा आणि नळीनेच प्लग फिरवत आत न्या. आटे तिरपे बसू लागले तर नळी हातात नुसती घसरते आणि प्लग थांबतो. पान्याने लावलं असतं तर कळायच्या आत आटे कापले गेले असते. हाताने पूर्ण बसल्यावरच पाना घ्या. नवा वायसर असेल तर त्यापुढे अर्धा फेरा, वापरलेला प्लग परत लावत असाल तर घड्याळातल्या एका तासाइतका. टॉर्क पाना असला तर 14 मिलिमीटरच्या प्लगला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस फासू नका; निसरड्या आट्यांवर तोच जोर जास्त आवळतो.

एवढं करूनही मिसिंग राहिली तर रात्री अंधारात बॉनेट उघडा आणि इंजिन चालू ठेवून नुसतं बघा. वायरींवरून निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर दोषी सापडला. हात लावू नका. चालू इंजिनाच्या वायरी एकेक ओढून 'कुठला सिलिंडर मेला' ते बघण्याची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत विसरा. झटका जबर बसतो आणि इग्निशनचं मॉड्यूल जळू शकतं.

शेवटी पाण्याचं. पुलाखाली गाडी बंद पडली तर लगेच सेल्फ मारू नका. आधी एअर फिल्टर उघडून बघा. तो कोरडा असेल तर भिजली आहे ती वीज, आणि फडक्याने काम भागतं. ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी सगळे प्लग काढायचे, कॉइलची जोडणी सोडवायची आणि मगच सेल्फ थोडा-थोडा फिरवायचा. प्लगच्या भोकांतून पिचकाऱ्या उडतात, तेव्हा समोर उभं राहू नये. मग डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये मुसी फुगून मूसारामबागचा पूल पाण्याखाली गेला, त्या वेळी या भागातल्या कितीतरी गाड्या उभ्या जागी भिजल्या. तशा पाण्यात बुडालेल्या गाडीला घरी हात लावू नका, ओढूनच न्या.

रेसकोर्सवर पावसाळी हंगामाच्या शर्यती सुरू व्हायच्या आत, म्हणजे जूनमध्येच हे काम उरकून घ्या. काढलेल्या प्लगांपैकी त्यातल्या त्यात बरा, प्लगचा पाना आणि एक कोरडं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डिकीत टाका. नव्या प्लगांच्या डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहायला विसरू नका.